दोन एकरांतली टिटवी

चैत्र सरत आला की मला घरात बसवत नाही. गच्चीवर टाकलेले कपडे तासाभरात कडक होतात, नळाचं पाणी हाताला कोमट लागतं, आणि दुपारी रस्त्यावरून धुळीची वावटळ गेली की तिच्यामागून वाळक्या गवताचा वास येतो. आमच्या कॉलनीत गवत कुठलं यायला? पण मला येतो. गुडघे कुरकुरतात, डॉक्टरांनी चढउतार बंद करायला सांगितलंय, नवरा म्हणतो, "आता विद्यार्थ्यांना जाऊ दे की." विद्यार्थी जातातच. त्यांच्यामागून मीही जाते. धारूरचा घाट उतरून तेलगावच्या बाजूला तो करड्या दगडांचा माळ दिसला की गाडी थांबवायला सांगते आणि पुढचा बराच वेळ कुणाशी बोलत नाही. विद्यार्थ्यांना वाटतं, बाई पक्षी बघतायत. वाटू दे बापड्यांना.

माणसं जमीन कशी वापरतात आणि त्या वापरात बाकीच्या जिवांना किती जागा उरते, या एका प्रश्नामागे माझी उमेदीची वर्षं गेली. प्रबंधात तो प्रश्न दोन पानं व्यापून होता. माझ्या मामींनी तो एकदा भाकऱ्या थापता थापता ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "म्हंजी आमी कुठं नांगरतो आन् पाखरू कुठं बसतं, एवढंच ना? त्येला एवढं शिकावं लागतं व्हय?" याहून सोपी व्याख्या मला अजून जमलेली नाही. विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला मी तीच सांगते. कुणाची ते मात्र सांगत नाही, त्यामुळे ती माझीच आहे असं सगळे समजतात.

ज्या उन्हाळ्याबद्दल लिहायचं आहे तो लागोपाठच्या दुसऱ्या दुष्काळाचा होता. मी तिशीच्या आत होते, प्रबंधाचं काम अर्ध्यावर आलं होतं, आणि सोनाजीमामांच्या घरी मुक्काम होता. सोनाजीमामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. माझे वडील मास्तर, त्यामुळे आम्ही पगाराच्या घरातले. मामा मात्र गायरानावरचे. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा आजोबांनी गावकीची कामं एका दमात सोडली. ढोर ओढायचं नाही, सांगावा घेऊन पळायचं नाही, शिळं मागायचं नाही. ठरवलं ते चांगलंच, पण संध्याकाळी चूल पेटवायची कशाच्या जिवावर? मग गावाच्या वरच्या अंगाला गुरं चरायची मोकळी सरकारी जमीन होती, तिथं त्यांनी दगड वेचायला सुरुवात केली. आमच्या वस्तीतल्या सात-आठ घरांनी वेचले. वेचलेल्या दगडांचे बांध झाले आणि बांधांच्या आत बाजरी उभी राहिली. मामांच्या वाट्याला त्यातली दोन एकरं आली. कागदावर ती कधीच त्यांची नव्हती. दर काही वर्षांनी कुणी साहेब यायचा, हे अतिक्रमण आहे असं सांगून जायचा, आणि पुढच्या मृगाला मामा तिफण घेऊन पुन्हा तिथंच हजर असायचे.

त्या उन्हाळ्यात गावातल्या विहिरींचे तळ दिसत होते. सकाळी टँकर आला की हंडे-घागरींची रांग मारुतीच्या पारापासून आमच्या वस्तीतल्या विहारापर्यंत यायची, आणि एरवी न दिसणारी गावाची दोन टोकं त्या रांगेनं जोडली जायची. खाली पाटाच्या कडेला उसाची एक हिरवी रेघ होती. तिच्याकडे बघून डोळ्यांना बरं वाटायचं आणि मनाला राग यायचा. गावाबाहेर दूध संस्थेनं जनावरांची छावणी उघडली होती. ताडपत्रीच्या सावलीत गुरं दाटीनं उभी, पुढ्यात उसाचं वाढं, आणि सगळीकडे तो आंबूस-गोड वास. वाढं खाऊन गुरांची तोंडं सोलायची. मामींची एकच म्हैस होती, ती तर वाढ्याकडे तोंड फिरवून उभी राहायची. मामी तिला समजावायच्या, "खा गं माय, माह्या घरी तरी काय हाय?" म्हैस मामींपेक्षा हट्टी होती, आणि हे मी विचार करून लिहिते आहे.

मी पहाटे उठून माळावर जायची. हातात पिशवी, त्यात नकाशा, वही, दुर्बीण आणि अंडी मोजायचं एक छोटं पितळी माप. उन्हं चढेपर्यंत ठरलेल्या रेघांवरून चालायचं, दिसेल ते लिहायचं. कुसळीच्या वाळक्या काड्या चपलेतून, मोज्यातून, परकराच्या शिवणीतून आत शिरायच्या. धाविक पक्षी दगडासारखा उभा राहायचा आणि मी पाच पावलांवर आले की पळत सुटायचा, थांबायचा, परत पळायचा. चंडोल वर जाऊन गात राहायचा, जणू दुष्काळाची बातमी त्याला कुणी दिलीच नव्हती. एकदा सकाळी बांधाच्या फटीतून खोकडाची मादी माझ्याकडे बघत होती. तिनं मला पाहिलं, जांभई दिली आणि आत गेली. माझ्या शिक्षणाचा तेवढा अपमान दुसऱ्या कुणी केलेला नाही.

पण माझं खरं काम माळटिटवीचं होतं. पाणवठ्यावरची, लाल कल्ल्यांची, रात्रंदिवस ओरडणारी टिटवी सगळ्यांना माहीत असते. माळटिटवी तिची गरीब चुलत बहीण. डोळ्यांपुढे पिवळा लोलक, अंग मातीच्या रंगाचं, आणि स्वभाव भिडस्त. ती घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर छातीनं खळगा करते, भोवती चार खडे मांडते आणि त्यात चार अंडी घालते. उन्हाळा तापला की जिथं कुठं पाणी असेल तिथं जाते, पोटाची पिसं भिजवते आणि तशीच ओली अंड्यांवर येऊन बसते. त्या दुष्काळात माळावर पाणी कुठं होतं? छावणीतल्या हौदाखाली सांडायचं तेवढंच. तिथून माळ चांगला लांब. मी एका टिटवीला दुपारभर त्या खेपा करताना पाहिलं आणि वहीत नुसती वेळ लिहिली. दुसरं काय लिहिणार होते?

आमच्याकडे टिटवीची अंडी मोजून पाऊस सांगतात. चार अंडी म्हणजे चार महिने, तीन म्हणजे एक महिना कोरडा. खळगा उंचवट्यावर असला तर पाणी दांडगं. त्यामुळे घरट्याला कुणी हात लावत नाही, उघडलेलं पंचांग कोण मिटेल? वैशाखात मामा नांगरट करायचे तेव्हा घरटं दिसलं की औत वळवायचे. नांगराची रेघ तिथं पोटासारखी वाकायची आणि पुढे परत सरळ व्हायची. नांगरलेल्या काळ्या पट्ट्यात टोपलीएवढा एक करडा तुकडा राहायचा. मेंढरं चारणारे बिरूआबाही तसेच. कळप घरट्याजवळ आला की काठी आडवी धरून उभे राहायचे, आणि सगळी मेंढरं आबांच्या दोन्ही बाजूंनी वाहून जायची. मामा आणि बिरूआबा यांचं एकमेकांशी जमायचं कसं, याचं मला नवल वाटायचं, कारण मामा ज्या जमिनीत पेरायचे ती आबांच्या मेंढरांची होती. एकदा विचारलं तर आबा म्हणाले, "सुगी झाली की माह्यी मेंढरं ह्याच्या रानात बसतेत. लेंड्या ह्याला, धसकटं मला. भांडायला कावून जावं?" तो आमच्या माळाचा कायदा होता, आणि तो कुठल्याही वहीत नव्हता.

वहीत आणायचं काम मी केलं.

दूध संस्थेचे चेअरमन अण्णा हा माणूस वाईट नव्हता. जाड भिंगाचा चष्मा, आवाज खालचा, आणि गावातल्या प्रत्येक म्हशीची वंशावळ तोंडपाठ. लागोपाठ दोन वर्षं वाढ्यावर जनावरं जगवून ते टेकीला आले होते. त्यांच्या मनात आलं, गायरानाचं कुरण करावं. चराई बंद, नांगर बंद, गवत वाढू द्यायचं आणि कापून सभासदांना वाटायचं. ग्रामसभेचा ठराव झाला की पुढच्या दुष्काळाला गाव तयार. विचार खोटा नव्हता. मीच माझ्या वहीत लिहिलं होतं की माळावरचं गवत खुरटत चाललंय, मारवेल दिसेनासा झालाय, नुसती कुसळी माजली आहे. अण्णांनी मला संस्थेत बोलावलं, खुर्ची दिली, सायीचा चहा दिला. म्हणाले, "ताई, तुमी गावच्याच हाव. शास्त्र शिकलाव. कुठला भाग राखायचा आन् कुठला सोडायचा, तुमी सांगा. माह्या सांगण्यानं भांडणं व्हतील, तुमच्या सांगण्यानं न्हाई."

मला त्या खुर्चीत फार बरं वाटलं, हे कबूल करते. ज्या संस्थेच्या ओट्यापुढे आजोबांना बाजूला उभं राहावं लागायचं तिथं त्यांच्या नातीला चहा आणि वर सल्ला विचारणं. मी दोन दिवस विचार करून एक नियम काढला. ज्या वहितीच्या तुकड्यात माळटिटवी अंडी घालते, तिथली शेती माळाला मारक नाही हे उघड आहे. तो तुकडा जसा आहे तसा कसणाऱ्याकडे राहावा. ज्यात एकही घरटं नाही, तो कुरणात घ्यावा. मला वाटलं, काय सुंदर नियम आहे. पाखरंही राहतील आणि वस्तीतली माणसंही. मामांनी आयुष्यभर टिटव्यांसाठी औत वळवलं, त्यांच्या दोन एकरांत घरटी नसतील तर कुठे असतील? अण्णांना पटलं, सभेला पटलं. बिरूआबांना कुणी विचारलं नाही. ते संस्थेचे सभासद नव्हते. त्यांना विचारावं असं मलाही सुचलं नाही.

मी घरी येऊन नियम सांगितला तेव्हा मामा अंगणात दोर वळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी टिटवी बसली तर रान माह्यं?"

"हो मामा."

"आन् न्हाई बसली तर?"

"बसणार. काळजी करू नका."

मामांनी दोराला आणखी एक पीळ दिला. मामी मात्र म्हणाल्या, "एवढे दिस साहेब ठरवायचे. आता पाखरू ठरवणार. बरंय."

पुढचे वीस-बावीस दिवस मी मोजणी केली. सकाळची चाल संपली की ऊन डोक्यावर यायचं, आणि सबंध माळावर सावलीचं झाड एकच होतं, मामांच्या बांधावरचं लिंबाचं. मी तिथं बसायची. तिथंच नकाशा पसरायची, नोंदी पक्क्या करायची, मामींनी दिलेली भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खायची. ऊन कलेपर्यंत, म्हणजे अर्धा दिवस, माझा मुक्काम तिथंच. मामा कधी पाण्याची कळशी घेऊन यायचे आणि शेजारी उकिडवे बसायचे. आमच्या फार गप्पा व्हायच्या नाहीत. ते माझ्या नकाशावर बोट ठेवून विचारायचे, "ह्ये कोनतं? नाला का?" आणि मी म्हणायची, "हो." मग ते नाल्यावरून बोट हलवत हलवत आपल्या तुकड्यापर्यंत आणायचे आणि तिथं जरा वेळ ठेवायचे. नकाशावर त्यांची दोन एकरं अंगठ्याच्या नखाएवढी होती.

उत्तरेच्या गवताळ अंगाला घरटी चांगली निघाली. वस्तीतल्या इतर तुकड्यांतही कुठे एक, कुठे दोन. मामांच्या तुकड्यात काहीच नाही. मी रोज बघत होते. रोज एकही घरटं नाही. मला आत कुठेतरी भीती वाटायला लागली होती, पण मी ती मोजणीच्या कामात दाबून टाकली. आकड्यांवर विश्वास ठेवायला मला शिकवलं होतं.

बुद्धपौर्णिमेच्या आदल्या सकाळी मामांच्या तुकड्यात दोन खळगे दिसले. दोन्हीत चार-चार अंडी. मला इतका आनंद झाला की मी पिशवी टाकून तशीच धावले. वहीत 'दोन' लिहिलं, त्याभोवती गोल केला. मग माप काढून खाली बसले, आणि बसल्यावर लक्षात आलं की सगळीकडे शांत आहे. टिटवीच्या घरट्याजवळ बसलं तर शांतता कधीच मिळत नाही. नर-मादी डोक्यावर घिरट्या घालतात, शिव्या देतात, पंख मोडल्याचं सोंग करून लांब न्यायला बघतात. इथं कुणीच रागावलं नव्हतं. मी खळग्यात पाहिलं. टिटवी तिची चार अंडी टोकं आत करून ठेवते, म्हणजे ती एकमेकांत नीट बसतात आणि तिच्या पोटाखाली मावतात. या दोन्ही खळग्यांतल्या अंड्यांची टोकं बाहेर होती. भोवतीचे खडे तर रांगोळीसारखे एकसारखे निवडून लावले होते. अंड्याला बोट लावलं, ते चटका बसावा इतकं तापलं होतं.

मामा बांधावर उभे होते. माझ्या मागून कधी आले कळलं नव्हतं.

"मामा, ही अंडी कुठून आणली?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "वरच्या गवतातून. तिथं लई हायेत. दोन खोप्यांनी काय बिघडतं?" आणि मग पुढे म्हणाले, "चार-चारच ठिवली. जास्त न्हाई ठिवली. टोपीत आणली, एकाला तडा जाऊ दिला न्हाई."

मला रडू आलं आणि त्याच्या आधी राग आला. मी म्हणाले, ही आता उबणार नाहीत, आईबाप तिकडे शोधत असतील, तुम्ही उभ्या जन्मात टिटवीच्या अंड्याला हात लावला नाही आणि आता हे काय केलंत. मामांनी मान खाली घातली. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस, आणि मी त्याला पोराला बोलावं तसं बोलत होते. आम्ही दोघं मिळून अंडी परत न्यायला गेलो. मूळचे खळगे सापडले, पण तिथंही कुणी ओरडायला आलं नाही. मामा कितीतरी वेळ वर बघत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "चल माय. ऊन लागंल तुला."

मी वहीतला 'दोन' खोडला आणि तिथं शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी विहारात खीर होती. मामींनी नेहमीसारखी माझी वाटी भरली. सभा दोन दिवसांनी होती. त्या दोन दिवसांत मी पन्नास वेळा स्वतःला विचारलं की शून्याच्या जागी निदान एक लिहायला, तेवढंच खोटं बोलायला काय हरकत आहे. आकडा माझा, वही माझी, मामा माझे. पण वस्तीतल्या ज्यांच्या तुकड्यात खरोखर घरटी होती त्यांचे तुकडे त्याच वहीच्या भरवशावर वाचणार होते. वही एका ठिकाणी खोटी निघाली असती तर सगळीच गेली असती. असं मी तेव्हा ठरवलं आणि आजही मला ते चूक वाटत नाही. चूक दुसरीकडे होती.

सभेत मी अहवाल वाचला. वस्तीतले बाकीचे सगळे तुकडे राहिले. मामांची दोन एकरं कुरणात गेली. अण्णांनी हळूच विचारलं, "सोनाजी, काई म्हणायचंय?" मामा उठले, म्हणाले, "पोरीनं मोजलंय. बराबर आसंल," आणि बसले.

त्यानंतर मामा दुसऱ्यांच्या रानात कामाला गेले, काही हंगाम उसतोडीलाही गेले. कुरण छान झालं. मारवेल परत आला, पवन्या आला, त्यानंतरच्या दुष्काळात छावणी उघडायची वेळ आली नाही. माझ्या प्रबंधाला नाव मिळालं, नोकरी मिळाली. मी त्या माळावर लेख लिहिले, परगावची माणसं कुरण बघायला आली. मामा माझ्याशी कधीच वेगळं वागले नाहीत. माझ्या लग्नात त्यांनी मुंडावळ्या बांधायचा मान सोडला नाही. गावात सांगायचे, "माह्या भाचीनं माळ वाचवला." ते ऐकलं की मी विषय बदलायची.

गेल्या चैत्रात विद्यार्थ्यांना मोजणीची रीत समजावत होते. एका मुलीनं नकाशावर बोट ठेवून विचारलं, "बाई, आपला तळ कुठे टाकायचा?" मी सवयीनं सांगितलं, "मोजायच्या जागेपासून लांब. माळटिटवी भिडस्त असते. माणूस जिथं बसून राहतो तिथं ती अंडी घालत नाही. तुम्ही जिथं डबा खाता ती जागा मोजणीतून वगळायची." ती मुलगी लिहून घेत होती. मी तिच्या वहीत ते पुन्हा वाचलं. हे वाक्य मी किती वर्षं शिकवत होते, देव जाणे. ते मी कुठे बसून मोडलं होतं हे मला एकदाही आठवलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मामांकडे गेले. मामा आता पाठीत वाकलेत, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऐकू चांगलं येतं. मामी गेल्याला चार वर्षं झाली. ओट्यावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "मामा, तुमच्या रानात टिटवी आली नाही ती माझ्यामुळे. मी तिथं बसून होते. तुमची काही चूक नव्हती. मोजणीच चुकली होती."

मामा हसले. म्हणाले, "मला ठावं व्हतं की."

"केव्हापासून?"

"तवापासनंच. माणूस बसल्यालं आसलं की ती लांबून फिरून जाती. मी रोज बघतच व्हतो."

"मग सांगितलं कावून न्हाई?" मी एरवी घरच्या बोलीत बोलत नाही, तेव्हा बोलले.

मामांना या प्रश्नाचं नवल वाटलं. "सबंध माळावर तेवढी एकच सावली, माय. तुला उठ म्हणू का? वैशाखातलं ऊन ते. म्हणलं, ती बसतीय तर बसू दे, अंडी आपुन आणू."

मला त्यानंतर बराच वेळ काही दिसलं नाही. मामा उगीच माझ्या पाठीवर थोपटत राहिले, आणि त्यांनी माझ्यासाठी चहा टाकायला नातसुनेला हाक मारली.

मी संस्थेला पत्र लिहिलं. अण्णा आता नाहीत, त्यांचा मुलगा चेअरमन आहे. तो अदबीनं म्हणाला, "आत्या, इतक्या वर्सांनी? कुरण तर चांगलं चाललंय." मी म्हणाले, कुरण चांगलंच आहे, माझी मोजणी चांगली नव्हती, आणि हे सभेपुढे यायला हवं. आलं. मी उभी राहून सांगितलं की ज्या तुकड्याबद्दल मी निर्णय दिला तो मोजायला लायकच नव्हता, आणि त्याला कारण मी होते. लोक ऐकत होते. निम्म्या लोकांचा तर तेव्हा जन्मही झालेला नव्हता. कुणीतरी विचारलं, मग आता काय, गवत काढून नांगरायचं? चेअरमननं मामांकडे पाहिलं. "सोनाजीतात्या, तुमी सांगा. रान परत पायजे का?"

मामा काठीवर भार देऊन उठले. "नांगरणार कोन आता? गवत राहू द्या. मेंढरंबी येऊ द्या सुगी झाल्यावर, बिरूचे नातू हायेत. पर कागदावर लिवा, ही दोन एकरं सोनाजी कसत व्हता. दगड त्याच्या बापानं वेचले व्हते. अतिक्रमण लिवू नका."

सचिवानं लिहिलं. शब्द जुळवायला त्याला जरा वेळ लागला, मीही एक-दोन शब्द सुचवले. मग त्यानं उभं राहून ठराव वाचला: सदर दोन एकरांत सोनाजी यांची व त्यांच्या वडिलांची वहिती होती, ती मोजणीतील चुकीमुळे गेली, हे ही सभा मान्य करते. लोकांनी हात वर केले. सचिव वही मिटायला लागला.

मामा अजून उभेच होते. म्हणाले, "आनखी एकडाव वाचा."